शेवटचा शब्द कोणाचा? : चर्चचा अधिकार आणि पवित्र शास्त्र

मागच्या वेळी आपण ख्रिस्ती धर्मातले पंथ कसे निर्माण झाले याचा ढोबळ नकाशा पाहिला होता. त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही येशूला प्रभू मानतात, दोघांच्या हातात बायबल आहे, मग भांडण नेमके कशावरून? आज तेवढा एकच प्रश्न घेऊन बसू या.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. कॅथलिक पोपचे ऐकतात आणि प्रोटेस्टंट बायबलचे ऐकतात. उत्तर सोपे आहे, लक्षात राहते, पण अर्धेच खरे आहे. कॅथलिक लोकांच्या रविवारच्या मिस्सेत जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रातला उतारा आणि शुभवर्तमान, असे बायबलचे वाचन असतेच. उलट प्रोटेस्टंट मंडळ्यांनाही पाळक असतात, परिषदा असतात, विश्वासाची लेखी कलमे असतात आणि ती मोडणाऱ्याला मंडळीबाहेरही काढले जाते. म्हणजे दोघांकडे पुस्तक आहे आणि दोघांकडे अधिकारीही आहेत.

मग वाद कुठे आहे? समजा, एखाद्या वचनाच्या अर्थावरून मतभेद झाला. निकाल कोण देणार? आणि निकाल देणाराच चुकला, तर त्याला दुरुस्त कोण करणार? या दोन प्रश्नांची उत्तरे दोन्हीकडे वेगळी आहेत.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. आपल्या देशात राज्यघटना सर्वश्रेष्ठ आहे, हे कोणीही मान्य करील. पण घटना स्वतः उठून बोलत नाही. तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालय सांगते. आता न्यायालय घटनेपेक्षा मोठे झाले का? नाही. पण न्यायालयाने सांगितलेला अर्थच अखेर लागू होतो. आणि न्यायालयाचीही चूक होऊ शकते. आणीबाणीत, १९७६ साली, जगण्याच्या हक्कासाठीसुद्धा त्या काळात न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल आला होता. तो चुकीचा होता हे न्यायालयानेच २०१७ साली स्पष्ट म्हटले. मधली एक्केचाळीस वर्षे तो निकाल पुस्तकात होताच. पुस्तक, अर्थ सांगणारा आणि चुकीची दुरुस्ती, ही तीन टोके लक्षात ठेवा. उदाहरण तंतोतंत जुळत नाही, कारण न्यायालय आपला निकाल चुकीचा होता असे म्हणू शकते. चर्चबद्दल काय, हाच तर आजचा प्रश्न आहे.

विटेनबर्ग ते वर्म्स

गोष्ट सुरू होते १५१७ साली, जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात. मार्टिन ल्यूथर हा तिथल्या विद्यापीठात बायबल शिकवणारा ऑगस्टिनियन संन्यासी. त्याने ‘इंडल्जन्स’ या प्रथेवर ९५ मुद्दे मांडले. इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा विकत घेणे असे आपण ऐकतो. चर्चची शिकवण तशी नव्हती. पापाची क्षमा पापनिवेदनातून मिळते, पण त्यानंतरही जी शिक्षा भोगायची उरते ती इंडल्जन्समुळे कमी होते, असे चर्च सांगत होते. पण रोममधल्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामासाठी पैसा हवा होता, आणि गावोगाव प्रचारक ज्या पद्धतीने ही प्रमाणपत्रे खपवत होते, त्यात हा बारकावा कुठल्या कुठे गेला होता.

इथपर्यंत हे एका गैरप्रकारावरचे भांडण होते. गैरप्रकारावर टीका करणारे ल्यूथरच्या आधीही होते. पण पुढच्या दोन वर्षांत प्रश्न बदलला. १५१८ साली ऑग्सबर्गमध्ये कार्डिनल कायेटान यांनी ल्यूथरला बोलावले आणि १३४३ सालचे एक पोपचे फर्मान पुढे ठेवले. इंडल्जन्सचा आधार त्यात दिलेला होता. आता बोला! ल्यूथरचे म्हणणे असे पडले, की ते फर्मान शास्त्राशी जुळत नाही. म्हणजे पोपच्या लेखी शिकवणीविरुद्ध एक प्राध्यापक शास्त्राचा दाखला देत होता.

१५१९ च्या उन्हाळ्यात लाइपझिगला जाहीर वादविवाद झाला. समोर होता योहान एक, अत्यंत हुशार वादपटू. त्याने ल्यूथरला बरोबर कोपऱ्यात गाठले. तू जे बोलतोस तेच यान हुस बोलत होता, आणि हुसला तर धर्मपरिषदेने पाखंडी ठरवले आहे, असा त्याचा मुद्दा होता. हुस हा प्रागचा धर्मोपदेशक. जर्मन राजाने सुरक्षिततेची हमी देऊन त्याला कॉन्स्टन्सच्या परिषदेत बोलावले आणि ६ जुलै १४१५ रोजी त्याला तिथे जिवंत जाळले. ल्यूथरने आधी हात झटकले. मधल्या सुट्टीत त्याने परिषदेची कागदपत्रे वाचली आणि परत येऊन सांगितले की हुसच्या दोषी ठरवलेल्या मतांपैकी कित्येक मते पूर्ण ख्रिस्ती आहेत. सभागृहात खळबळ उडाली. कारण याचा अर्थ असा, की पोप तर चुकू शकतोच, पण सगळ्या चर्चची परिषदही चुकू शकते.

मग उरले काय? शास्त्र.

याच वादात आणखी एक गाठ पडली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी, याला आधार म्हणून दुसऱ्या मक्काबी पुस्तकाचा बारावा अध्याय पुढे केला गेला. ल्यूथर म्हणाला, हे पुस्तक यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात नाही, सिद्धान्ताचा आधार म्हणून ते चालणार नाही. म्हणजे शास्त्राचा अर्थ कोणता हा प्रश्न होताच, आता शास्त्र म्हणजे कोणकोणती पुस्तके हाही प्रश्न उभा राहिला. आज कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. टोबित, ज्युडिथ, दोन मक्काबी आणि आणखी तीन, अशा सात पुस्तकांचा हा फरक आहे. शिवाय दानिएल आणि एस्तेर यांच्या पुस्तकांतले काही भागही कमीजास्त आहेत.

शेवटचा प्रवेश १५२१ सालच्या एप्रिल महिन्यातला, वर्म्स शहरात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारातला. टेबलावर ल्यूथरची पुस्तके रचलेली होती. ही तुझीच का, आणि त्यातली मते मागे घेतोस का, एवढे दोनच प्रश्न. त्याने एक दिवसाची मुदत मागितली. हुसलाही अशीच हमी मिळाली होती आणि तरी तो जाळला गेला होता, हे विसरण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले, की शास्त्राच्या किंवा स्पष्ट युक्तिवादाच्या आधारे माझी चूक दाखवा, नाहीतर मी मागे हटणार नाही. पोप आणि परिषदा चुकल्या आहेत, एकमेकांच्या विरुद्धही बोलल्या आहेत, आणि माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हे उत्तर सगळ्यांना माहीत असते. त्यावर दरबाराच्या वतीने बोलणाऱ्या अधिकाऱ्याने काय म्हटले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याचा मुद्दा असा होता: जो कोणी परिषदांच्या विरोधात उभा राहील त्याला दर वेळी वचने दाखवून पटवत बसायचे ठरले, तर ख्रिस्ती धर्मात पक्के असे काहीच उरणार नाही.

आपण हे दोन्ही आवाज ऐकले पाहिजेत. एकाला भीती आहे चुकलेल्या न्यायालयाची, ज्याच्यावर अपील नाही. दुसऱ्याला भीती आहे न्यायालयच नसलेल्या गावाची, जिथे प्रत्येक जण आपापला न्यायाधीश आहे. पुढची पाचशे वर्षे हा वाद याच दोन भीतींमध्ये फिरत राहिला आहे, असे आपल्याला दिसेल.

कॅथलिक बाजू नेमकी काय म्हणते?

कॅथलिक युक्तिवादाचा पहिला मुद्दा यादीचा आहे. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत याची यादी बायबलमध्ये कुठेच नाही. येशूने स्वतः काही लिहून ठेवले नाही. पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांकडे नवा करार नव्हता. प्रेषितांची तोंडी शिकवण होती, प्रार्थना होत्या, प्रभूच्या भाकरीभोवती जमणारा समुदाय होता. पत्रे आणि शुभवर्तमाने त्या समुदायात लिहिली गेली. आज आपण नव्या करारात जी २७ पुस्तके पाहतो, नेमकी तीच यादी पहिल्यांदा आपल्याला मिळते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. मग चर्चने निवडलेले पुस्तक हातात घेऊन तुम्ही चर्चला कसे खोडता, असा हा सवाल आहे.

दुसरा मुद्दा वाचकाचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये एक सुंदर प्रसंग आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत चालला आहे. फिलिप्प त्याला विचारतो, वाचतोस ते कळते का? तो सरळ सांगतो की कोणी समजावून दिल्याशिवाय कसे कळणार. कॅथलिक बाजू म्हणते, बघा, पुस्तक हातात असूनही सांगणारा लागला. प्रोटेस्टंटही याच प्रसंगाकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, त्याला पुस्तक वाचायची मुभा होती आणि फिलिप्पाने त्याच पुस्तकातून सुरुवात केली.

१५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने या विषयावर ठराव केला. सत्य लिखित पुस्तकांत आणि अलिखित परंपरांत आहे, दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारावीत, आणि चर्चने मानलेल्या अर्थाच्या विरुद्ध कोणी आपल्या मनाने शास्त्राचा अर्थ लावू नये, असे त्यात म्हटले आहे. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. मसुद्यात शब्द होते ‘काही अंशी लिखित पुस्तकांत, काही अंशी अलिखित परंपरांत’. अंतिम ठरावात ते शब्द जाऊन तिथे साधा ‘आणि’ आला. निम्मे सत्य पुस्तकात आणि निम्मे बाहेर, असे परिषदेने शेवटी म्हटलेच नाही. या एका ‘आणि’मुळे, सगळे सत्य शास्त्रात आहे आणि परंपरा त्याचा अर्थ जिवंत ठेवते, असे म्हणायची वाट पुढच्या कॅथलिक विद्वानांना मोकळी राहिली.

प्रोटेस्टंट बाजू नेमकी काय म्हणते?

‘सोला स्क्रिप्तुरा’, म्हणजे ‘केवळ शास्त्र’, ही प्रोटेस्टंटांची घोषणा आपण ऐकलेली असते. तिचा अर्थ परंपरा टाकून द्या असा ल्यूथरने केला नाही. त्याने जुने मतांगिकार ठेवले, बालकांचा बाप्तिस्मा ठेवला, आणि १५२९ साली लोकांना शिकवण्यासाठी स्वतःच दोन प्रश्नोत्तरी पुस्तके लिहिली. घोषणेचा अर्थ असा आहे: परंपरा, परिषदा, धर्मगुरू यांना मान आहे, पण त्या सगळ्यांना तपासायचा काटा एकच, तो म्हणजे शास्त्र. बाकीची प्रमाणे तपासता येतात, दुरुस्त करता येतात. हे मोजमाप दुसऱ्या कशाने दुरुस्त करता येत नाही.

आणि यादीचे काय? जॉन कॅल्विनचे उत्तर होते की चर्चने शास्त्राला अधिकार दिला नाही, चर्चने तो ओळखला. उजेड आणि अंधार यांतला फरक सांगायला जसे कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही, तसे देवाच्या वचनाचे आहे, पवित्र आत्मा वाचकाच्या मनात त्याची साक्ष देतो. हे उत्तर श्रद्धावानाला पुरते. पण त्याला अडचण नाही असे नाही. ल्यूथरच्याच मनाला याकोबाचे पत्र पटत नव्हते. १५२२ च्या आपल्या नव्या करारात त्याने इब्री लोकांस पत्र, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके शेवटी, अनुक्रमांक न देता ठेवली. काढून मात्र टाकली नाहीत. म्हणजे एका माणसाच्या आतल्या साक्षीपेक्षा चर्चने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली यादी त्यालाही जड वाटली.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. ल्यूथरच्या आधी लोकांच्या भाषेत बायबल नव्हतेच, असे सांगितले जाते. ते खरे नाही. १४६६ पासून ल्यूथरच्या भाषांतरापर्यंत जर्मन बोलींत संपूर्ण बायबलच्या अठरा आवृत्त्या छापून झाल्या होत्या. ल्यूथरने वेगळे केले ते असे, की मूळ ग्रीक आणि हिब्रूवरून, घरात आणि बाजारात बोलल्या जाणाऱ्या जर्मनमध्ये भाषांतर केले. पण भाषांतरही अर्थ लावणेच असते. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्याने मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. विश्वासाने, याऐवजी केवळ विश्वासाने. जर्मन भाषेच्या वळणाला तो लागतोच, असे त्याचे समर्थन होते. विरोधकांनी विचारले, आता पुस्तक बोलते आहे की तू?

पुस्तक सगळ्यांच्या हाती आल्यावर

खरी कसोटी लागली ती पुस्तक सामान्य माणसाच्या हाती आल्यावर. १५२५ च्या मार्च महिन्यात दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी मेमिंगेन इथे बारा मागण्या लिहून काढल्या. आपला पाळक निवडण्याचा हक्क, वेठीला विरोध, जंगलातल्या लाकडावरचा हक्क, आणि ख्रिस्ताने सगळ्यांनाच सोडवले आहे तर आम्ही कोणाचे गुलाम का, हा प्रश्न. समासात बायबलचे संदर्भ होते. शेवटी त्यांनी लिहिले की आमची एखादी मागणी शास्त्राविरुद्ध आहे असे शास्त्रातूनच दाखवा, आम्ही ती सोडून देऊ.

ओळखीचे वाटते ना? चार वर्षांपूर्वी वर्म्सला ल्यूथरने हेच म्हटले होते. पण ल्यूथरच्या मते आत्म्याची मुक्ती आणि जमीनदाराची सत्ता या वेगळ्या गोष्टी होत्या. बंड पेटले, हिंसा झाली, आणि त्याने सरदारांना ते निर्दयपणे मोडून काढायला सांगितले. हजारो शेतकरी कापले गेले. शास्त्र एकच, पण त्याचा कोणता अर्थ खरा याचा निकाल तिथे तलवारीने लागला.

झुरिकचे उदाहरण तर आणखी बोचरे आहे. तिथे उल्रिख झ्विंग्लीच्या नेतृत्वाखाली १५२३ साली नगरपरिषदेने ठरवले होते की उपदेश शास्त्राला धरूनच व्हावा. झ्विंग्लीच्याच तरुण शिष्यांनी ते मनावर घेतले. शास्त्रात बालकांच्या बाप्तिस्म्याची स्पष्ट आज्ञा कुठे आहे, असे त्यांनी विचारले आणि १५२५ च्या जानेवारीत प्रौढ वयात एकमेकांना बाप्तिस्मा दिला. परिषदेने तो गुन्हा ठरवला. त्या शिष्यांपैकी फेलिक्स मान्झ याला ५ जानेवारी १५२७ रोजी शहरातून वाहणाऱ्या लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. पोपचा अधिकार नाकारलेल्या शहराने, शास्त्र वाचून वेगळ्या निष्कर्षाला आलेल्या आपल्याच माणसाला ही शिक्षा दिली.

आणि १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्यात प्रभुभोजनाचा विषय होता. ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्यातल्या ‘आहे’ची फोड दोघांनी दोन तऱ्हेने केली. ल्यूथरने टेबलावर खडूने ते लॅटिन वाक्य लिहून ठेवले आणि त्यावरून तो हलेना. दोघेही शास्त्रच मानणारे. तरी दोन पंथ वेगळे झाले.

तेव्हा वर्म्सच्या त्या अधिकाऱ्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. पण म्हणून ल्यूथरची भीती पोकळ ठरत नाही. हुसला जाळणारी परिषद काही अडाण्यांची सभा नव्हती. त्याच परिषदेने पुढे, एकाच वेळी तीन जण पोपपदावर हक्क सांगत होते तो गोंधळ १४१७ साली मिटवला. तिने केलेले हे काम चर्च आजही मोलाचे मानते. तिने हुसला दिलेल्या क्रूर मृत्यूबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली जाहीर खेद व्यक्त केला. मध्ये ५८४ वर्षे गेली.

१८७० आणि १९६५

आता कॅथलिक बाजूचे पुढचे दोन टप्पे पाहू, म्हणजे चित्र पुरे होईल. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त जाहीर केला. बाजूने ५३३ मते, विरुद्ध दोन. नाराज असलेले कित्येक बिशप मतदानाआधीच घरी निघून गेले होते. इथे ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ असा अर्थ काढायची घाई करू नका. पोपचे प्रत्येक बोलणे अचूक, असा हा सिद्धान्त नाही. पोप पाप करू शकतो, राजकारणात चुकू शकतो, मुलाखतीत चुकू शकतो. सर्व चर्चचा गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांबद्दल, संपूर्ण चर्चला बंधनकारक अशी शिकवण तो विधिवत जाहीर करतो, तेवढ्यापुरतीच ही अचूकता आहे. १८७० नंतर याचे निर्विवाद उदाहरण एकच दिले जाते, १९५० साली जाहीर झालेला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धान्त. प्रोटेस्टंटांचा आक्षेपही नेमका तिथेच आहे. जी घटना शास्त्रात सांगितलेली नाही ती मानणे श्रद्धेला बंधनकारक कसे होऊ शकते?

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई वेर्बुम’ हा दस्तऐवज मंजूर केला. त्यात म्हटले आहे की अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चच्या शिकवणाऱ्या अधिकारपदाकडेच आहे, पण ते पद देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचे सेवक आहे. सर्व श्रद्धावंतांनी बायबल वाचावे असा आग्रहही त्यात आहे. त्याआधी दोनच वर्षे, १९६३ साली माँट्रियलच्या परिषदेत प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स विद्वानांनी मान्य केले होते की शास्त्र हे स्वतः एका जिवंत परंपरेतून आपल्यापर्यंत आले आहे. १९९९ साली तर, ज्या प्रश्नावरून ल्यूथर उठला होता त्या विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर, लुथरन आणि कॅथलिक यांनी ऑग्सबर्गमध्ये संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. भिंत पडली असे कोणी म्हणत नाही. अर्थ कोणता यावर पुष्कळ एकमत झाले. अंतिम निकालाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे.

मराठीतली दोन पुस्तके

हा सगळा वाद युरोपातला. पण त्याचे दोन्ही प्रवाह मराठीत येऊन पोचले आहेत, आणि ते आपण पुस्तकांवरून ओळखू शकतो.

पहिले पुस्तक फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापलेले. सुमारे अकरा हजार ओव्या. या इंग्रज जेझुइटाने बायबलचे सरळ भाषांतर का केले नाही? ट्रेंटनंतर, १५६४ च्या नियमांनुसार, देशी भाषेतले बायबल वाचायला चर्चाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागत होती. ओवीबद्ध पुराण हा इथल्या लोकांच्या कानाला ओळखीचा प्रकार होता. त्यातून जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा चर्चच्या शिकवणीसह सांगता येत होती. गुरू सांगतो, समुदाय ऐकतो. कॅथलिक दृष्टीची ही सगळ्यात गोड बाजू आहे.

दुसरे पुस्तक पंडिता रमाबाईंचे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांची धर्ममाता असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांची जी पत्रे आहेत, ती वाचताना आपल्याला वर्म्सचा दरबार पुन्हा भरल्यासारखा वाटतो. सिस्टर चर्चच्या अधिकाराकडे झुकणाऱ्या, विनयाने शिका असे सांगणाऱ्या. रमाबाई विचारतात, हे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न, मतांगिकारावर प्रश्न. पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसऱ्या धर्माधिकाऱ्यांचे जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि ते त्यांनी लिहून कळवले. समोरच्यांना तो अहंकार वाटला. बाई एकटी, परमुलखात, त्याच लोकांच्या आश्रयाला, लहान मुलगी बरोबर. अशा स्थितीत हे लिहायला काय लागले असेल, याचा आपण विचार करावा.

पण रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत. पुढे केडगावला मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली, मृत्यूपर्यंत, त्यांचे हे काम चालू होते. १९२४ साली तिथल्याच छापखान्यातून ते बायबल बाहेर पडले. मला वाचू द्या म्हणणाऱ्या बाईने शेवटी इतरांना वाचता येईल अशी सोय करून ठेवली.

आणि आजचे चित्र असे, की मराठीतला गाजलेला ‘सुबोध बायबल’ हा अनुवाद वसईच्या एका कॅथलिक धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केला. १५६४ च्या नियमांपासून इथपर्यंत चर्च चालत आले आहे.

समारोप करू. आपण जो प्रश्न घेऊन बसलो त्याचा निकाल लावणे हे या व्याख्यानाचे काम नाही. पण ऐकणाऱ्याला एक कसोटी नक्की घेऊन जाता येईल. कोणी म्हणाले की आमच्याकडे अधिकारवाणी आहे, तर विचारा: ती चुकली तर तुमच्याकडे दुरुस्ती कशी होते, आणि तोवर हुसचे काय होते? कोणी म्हणाले की आमच्याकडे फक्त ग्रंथ आहे, तर विचारा: ग्रंथाचा अर्थ तुमच्यात कोण ठरवतो, आणि वेगळा अर्थ लावणाऱ्या मान्झचे काय होते? ज्या समाजाकडे या दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आहेत, तिथे पुस्तकही सुरक्षित आहे आणि वाचणारा माणूसही.

पुढच्या वेळी आपण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चकडे वळू. त्यांनी या भांडणात दोघांचीही बाजू घेतली नाही, ती का, ते पाहू. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.